आधी घनता ठरवा: लेसर-प्लाझ्मा त्वरकाची पहिली मांडणी

लेसरने प्लाझ्मात, म्हणजे अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, लाट उठवून इलेक्ट्रॉनांना वेग देण्याच्या कामात नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न लेसरबद्दल असतो. किती जूल? किती टेरावॅट? प्रश्न रास्त आहे, पण लेसर बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो आणि तो बदलणे तुमच्या हातात नसते. तुमच्या हातात असते ती प्लाझ्माची घनता. लाट किती लांब, किती वेगवान, इलेक्ट्रॉन तिच्यावर किती अंतर टिकेल आणि शेवटी किती ऊर्जा घेऊन बाहेर पडेल, हे सगळे घनतेला बांधलेले आहे. म्हणून हा लेख घनतेभोवती रचला आहे.

सोबत एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. लेसर ८०० नॅनोमीटरचा, पल्स ३० फेम्टोसेकंदांची, लक्ष्यापर्यंत पोचणारी ऊर्जा १ जूल. म्हणजे शक्ती ३० टेरावॅटच्या आसपास. कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. आकडे स्वतः काढलेत तरच ते अंगात मुरतील.

पायरी १: लाट डोळ्यांसमोर आणा

नेहमीच्या त्वरकात धातूच्या पोकळीत रेडिओ लहरी सोडतात आणि त्यांचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला ढकलते. हे क्षेत्र मीटरला १०० मेगाव्होल्टच्या आसपास गेले की धातूच्या पृष्ठभागावर ठिणग्या पडू लागतात. प्लाझ्मात ही अडचण उरत नाही, कारण तिथले अणू आधीच फुटलेले असतात. १९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी हाच मुद्दा धरून लेसरने प्लाझ्मात लाट उठवण्याची कल्पना मांडली. तेव्हा इतक्या आखूड आणि प्रखर पल्सा कुठेच नव्हत्या. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी पल्स आधी ताणायची, मग वाढवायची आणि शेवटी दाबायची ही युक्ती करून दाखवली, तेव्हा रस्ता मोकळा झाला. त्या युक्तीला २०१८ चे नोबेल मिळाले.

पल्स प्लाझ्मात शिरते तेव्हा प्रखर भागातले इलेक्ट्रॉन कमी प्रखर भागाकडे रेटले जातात. या रेट्याला पॉन्डेरोमोटिव्ह बल म्हणतात. आयन जड असतात, सर्वांत हलका आयन म्हणजे प्रोटॉनसुद्धा इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत. मागे उघडा पडलेला धन प्रभार इलेक्ट्रॉनांना परत खेचतो. ते परत येतात, वेगाच्या भरात पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. तोवर पल्स पुढे निघून गेलेली असते. अशी तिच्यामागे एक लाट तयार होते, होडीमागे उठते तशी, आणि होडी जितक्या वेगाने जाते तितक्याच वेगाने ती मागून येते.

इथे बरेच जण एक चूक करतात. लेसरचे स्वतःचे विद्युतक्षेत्र आडवे असते आणि दर अर्ध्या आवर्तनाला दिशा बदलते. ते इलेक्ट्रॉनला पुढे नेत नाही. लेसर लाट उठवतो आणि लाट इलेक्ट्रॉन वाहून नेते. ही दोन कामे मनात वेगळी ठेवलीत तर पुढचे सगळे सोपे जाईल.

लेसर फार प्रखर असला की तो वाटेतले सगळेच इलेक्ट्रॉन बाजूला फेकतो आणि मागे नुसत्या आयनांचा बुडबुडा उरतो. बुडबुड्याच्या मागच्या अर्ध्यात इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो, पुढच्या अर्ध्यात त्याला ब्रेक लागतो, आणि संपूर्ण बुडबुड्यात तो अक्षाकडे ओढला जातो. आपले उदाहरण याच प्रकारात मोडते.

पायरी २: घनता

प्लाझ्मा-लाटेची लांबी काढायला ३.३ × १०^१० या आकड्याला घनतेच्या वर्गमुळाने भागा. घनता म्हणजे दर घन सेंटीमीटरमधले इलेक्ट्रॉन. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. घनता १०^१८, म्हणजे एकावर अठरा शून्ये, असेल तर लाट ३३ मायक्रॉनची. दहापट घन प्लाझ्मात ती साडेदहा मायक्रॉनची.

आता पल्स पाहा. प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रॉन जातो, म्हणजे आपली ३० फेम्टोसेकंदांची पल्स ९ मायक्रॉन लांब आहे. लाट नीट उठायची तर पल्स लाटेच्या साधारण अर्ध्या लांबीची हवी. झोक्याला धक्का देताना तो योग्य क्षणी संपला पाहिजे, तसेच हे आहे. धक्का लांबला तर परत येणाऱ्या झोक्यालाच आपण अडवतो. या हिशेबाने घनता ३ ते ५ × १०^१८ च्या दरम्यान येते. मी ५ × १०^१८ घेतो, कारण जोरदार लाट स्वतःच थोडी लांबते, आणि घनता जास्त असली की लेसर स्वतःला सहज एकवटून ठेवतो. लाट १५ मायक्रॉनची झाली.

क्षेत्र किती? घनतेच्या वर्गमुळाला ९६ ने गुणा, म्हणजे मीटरला व्होल्टमध्ये अंदाज मिळतो. आपल्याकडे २१५ गिगाव्होल्ट येतात, धातूच्या मर्यादेच्या दोन हजार पटींहून जास्त.

हा आकडा पाहिला की घनता आणखी वाढवायचा मोह होतो. वर्गमुळाने का होईना, क्षेत्र वाढतेच ना! या मोहात मीही पडलो होतो, आणि गाडी नेमकी इथेच अडते. प्लाझ्मा जितका घन तितकी त्यातून जाणारी पल्स सावकाश, आणि लाट पल्सच्या वेगाला बांधलेली. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी क्रांतिक घनता, म्हणजे जिच्या पलीकडे तो प्रकाश प्लाझ्मातून जाऊच शकत नाही ती, १.७ × १०^२१ आहे. तिला आपल्या घनतेने भागले की ३४० येतात. हा आकडा समासात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल. त्याचे वर्गमूळ साडेअठरा, आणि तोच लाटेचा लॉरेंझ गुणक, म्हणजे ती प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ आहे याचे माप. म्हणजे लाट प्रकाशाच्या ९९.८५ टक्के वेगाने जाते. वेग प्रचंड वाटतो, पण १० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इलेक्ट्रॉन त्याहूनही वेगवान असतो. तो बुडबुड्यात हळूहळू पुढे सरकतो, मध्य ओलांडतो आणि ब्रेक लागणाऱ्या अर्ध्यात जातो. तिथवरच्या अंतराला डीफेझिंग लांबी म्हणतात.

घनता वाढवली की क्षेत्र वर्गमुळाने वाढते, पण ही लांबी घनतेच्या दीड घाताने घटते. दोन्हींचा गुणाकार केला की मिळणारी ऊर्जा घनतेच्या व्यस्त प्रमाणात येते. जास्त ऊर्जा हवी असेल तर प्लाझ्मा विरळ करा, लांब करा, आणि तो पेलेल असा दणकट लेसर आणा. बर्कली इथल्या लॉरेन्स प्रयोगशाळेचे टप्पे या एका ओळीत बसतात: २००६ मध्ये ३.३ सेंटीमीटर लांबीत १ जीईव्ही (हजार एमईव्ही), २०१४ मध्ये ९ सेंटीमीटरमध्ये ४.२, आणि २०१९ मध्ये २० सेंटीमीटरमध्ये ७.८ जीईव्ही. त्या शेवटच्या प्रयोगातली घनता ३ × १०^१७ च्या आसपास होती, आपल्यापेक्षा सोळा-सतरा पट विरळ.

पायरी ३: ठिपका किती मोठा

लेसरचा ठिपका नाभीवर लहान केला की तो लगेच पसरूही लागतो. ९ मायक्रॉन त्रिज्येचा ठिपका निर्वातात ०.३ मिलिमीटर गेला की फुलायला लागतो. आपल्याला तर दोन मिलिमीटर जायचे आहे. यातून प्लाझ्माच सोडवतो. प्रखर प्रकाशाखाली प्लाझ्मा भिंगासारखा वागतो आणि झोत धरून ठेवतो. त्यासाठी शक्ती एका मर्यादेच्या वर हवी. ती मर्यादा म्हणजे १७ गिगावॅट गुणिले समासातले ते ३४०, सुमारे ५.८ टेरावॅट. आपल्याकडे ३० आहेत, पाचपट. काम होईल.

पुढचा आकडा सगळ्या प्रयोगशाळांत ‘ए-नॉट’ नावाने चालतो. तो एक असला की लेसरच्या क्षेत्रात थरथरणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतो. ८०० नॅनोमीटरला त्यासाठी चौरस सेंटीमीटरला २ × १०^१८ वॅट लागतात. बुडबुड्यासाठी ए-नॉट किमान दोन असावा. जुळलेल्या स्थितीत, म्हणजे ठिपका प्लाझ्मात न फुगता-आखडता जातो तेव्हा, तो शक्ती आणि मर्यादा यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या दुप्पट असतो. आपल्याकडे गुणोत्तर ५.२, घनमूळ १.७, म्हणून ए-नॉट ३.४. ठिपक्याची त्रिज्या काढायला लाटेची लांबी पायने (३.१४) भागा आणि ए-नॉटच्या वर्गमुळाने गुणा. ९ मायक्रॉन.

एवढा ठिपका मिळवायला नाभीय अंतर झोताच्या व्यासाच्या साधारण अठरापट हवे. पाच सेंटीमीटरच्या झोताला ९० सेंटीमीटरचा पॅराबोला, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा आरसा. याहून आखूड पॅराबोलाने ठिपका बारीक होतो आणि कागदावर प्रखरता वाढते, पण तो जुळत नाही. प्लाझ्मात शिरताच तो फुगतो, आखडतो, आणि लाट वेडीवाकडी होते. ठिपका थोडा मोठा असलेला चालेल, लहान नको.

आणि एक कटू गोष्ट. लेसरची सगळी ऊर्जा मधल्या ठिपक्यात कधीच येत नाही. भोवती फिकट कडी असते आणि बरीच ऊर्जा तिच्यात जाते. निम्मीच ऊर्जा कामाची धरून हिशेब पुन्हा करा. ए-नॉट २.७ येतो. अजूनही चालण्यासारखा आहे.

पायरी ४: वायूची लांबी

बुडबुड्याच्या बाबतीत डीफेझिंग लांबी म्हणजे दोन तृतीयांश गुणिले ३४० गुणिले ठिपक्याची त्रिज्या. दोन मिलिमीटर. लेसर लाट उठवताना स्वतः झिजतो, तो झिजून संपेपर्यंतचे अंतर ३४० गुणिले पल्सची लांबी, तीन मिलिमीटर. म्हणून दोन मिलिमीटरचा वायूचा झोत पुरे. पूर्ण शक्तीला ऊर्जेचा अंदाज ३८० एमईव्हीच्या आसपास, निम्म्या शक्तीला ३००.

वायू हेलियम घ्या. एका अणूतून दोन इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणून अणू २.५ × १०^१८ हवेत, वातावरणाच्या दाबाला असतात त्याच्या एक दशांश. नोझलमागचा, म्हणजे वायू सोडणाऱ्या बारीक तोटीमागचा, दाब मात्र कित्येक बार ठेवावा लागतो.

नोझल निर्वात कक्षात बसवण्याआधी बाहेर तपासून घ्या. हेलियमचा अपवर्तनांक इतका कमी आहे की व्यतिकरणमापीत (प्रकाशाच्या पट्ट्यांच्या सरकण्यावरून घनता मोजणाऱ्या उपकरणात) एका पट्ट्याच्या शंभराव्या भागाइतकाही बदल दिसत नाही. म्हणून तपासणीला आर्गॉन वापरतात. तोही एकाणवीय, त्यामुळे नोझलमधून तसाच वाहतो, पण दिसतो आठपट ठळक. घनतेचा आलेख उंचीनुसार काढा. नोझलच्या तोंडापासून अर्धा मिलिमीटर वर-खाली झाले तरी घनता बदलते, हे त्या आलेखात स्वच्छ दिसते.

पायरी ५: इलेक्ट्रॉन लाटेवर चढवणे

चालत्या गाडीत चढायचे तर आधी तिच्याबरोबर पळावे लागते. प्लाझ्मातला साधा इलेक्ट्रॉन लाटेच्या मानाने जवळपास उभाच असतो, लाट त्याच्यावरून निघून जाते. लाट फार जोरदार असली तर बुडबुड्याच्या शेपटाशी काही इलेक्ट्रॉन आपोआप अडकतात, पण हे दर शॉटला वेगळे होते. २००४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी पहिल्यांदा ऊर्जेने एकसारखे झोत मिळवले, सुमारे ७० ते १७० एमईव्हीचे, तेव्हा इलेक्ट्रॉन असेच आपोआप चढले होते.

नवख्याने नायट्रोजनची वाट धरावी असे माझे स्पष्ट मत आहे. हेलियममध्ये एक टक्का नायट्रोजन मिसळा. त्याचे बाहेरचे पाच इलेक्ट्रॉन पल्सच्या कडेलाच सुटतात. आतले दोन मात्र १०^१९ वॅट प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास सुटतात, म्हणजे पल्सच्या अगदी शिखराशी, थेट बुडबुड्याच्या आत. ते चढतात. घनता यामुळे सुमारे चार टक्क्यांनी वाढते, तेवढा दाब कमी करा. यात खोट एकच: इलेक्ट्रॉन वाटभर चढत राहतात, त्यामुळे झोताच्या ऊर्जा पसरट येतात. आधी झोत तर मिळू द्या. अरुंद ऊर्जा हवी झाली की जेटच्या, म्हणजे वायूच्या झोताच्या, कडेला पातळ पाते सरकवून घनतेची अचानक उतरण करता येते. लाट तिथे क्षणभर मंदावते आणि इलेक्ट्रॉन एकाच जागी चढतात.

पायरी ६: संगणकावर चालवून पाहा

वरचे नियम ढोबळ आहेत, त्यामुळे प्रयोगाआधी पार्टिकल-इन-सेल सिम्युलेशन, म्हणजे घरांच्या जाळीवर कणांची हालचाल काढणारे संगणकी गणित, कराच. एफबीपिक, वार्पएक्स, स्माइलेई, इपॉक या मुक्त प्रणाली आहेत. सुरुवातीला एफबीपिक सोपी जाते. ती पायथनमध्ये आहे, दंडगोल सममितीचा फायदा घेते, आणि तिच्या गणितपद्धतीमुळे लेसर जाळीवर खोटा मंदावत नाही. साध्या जाळीवर तो मंदावतो आणि डीफेझिंग लांबी चुकीची येते. उत्तर पटण्यासारखे दिसते आणि असते चूक.

लेसरच्या एका तरंगलांबीत लांबीच्या दिशेने तीसेक घरे ठेवा, म्हणजे घर २५ नॅनोमीटरचे. खिडकी ५० मायक्रॉनची, पल्सबरोबर सरकणारी. सपाट द्विमितीत चालवलेल्या सिम्युलेशनवरून ऊर्जा सांगू नका, तिथे झोत एकवटण्याचे गणितच वेगळे असते. निकाल आला की घरे दुपटीने बारीक करून पुन्हा चालवा. चढलेल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा फार बदलला तर पहिला निकाल फेकून द्या.

पायरी ७: कक्षात

डोळ्यांचे आधी. ८०० नॅनोमीटर डोळ्याला फिकट लाल दिसतो, म्हणून तो कमजोर वाटतो. तो कमजोर नाही. योग्य चष्म्याशिवाय एकही आरसा हलवू नका. आणि शेकडो एमईव्हीचे इलेक्ट्रॉन जिथे थांबतात तिथे क्ष-किरण निघतात. शॉटच्या वेळी आत कोणी नाही याची खात्री दरवाजाच्या इंटरलॉकने व्हावी, ‘मला वाटते सगळे बाहेर आहेत’ असे म्हणून नव्हे.

दाबलेली पल्स हवेतून नेता येत नाही, हवाच तिला बिघडवते. कॉम्प्रेसरपासून, म्हणजे पल्स दाबणाऱ्या भागापासून, लक्ष्यापर्यंत सगळे निर्वातात. पॅराबोला कमी शक्तीवर जुळवा, ठिपका सूक्ष्मदर्शी भिंगातून कॅमेऱ्यावर पाहा आणि तो गोल होईपर्यंत सोडू नका. एका बाजूला शेपूट दिसली तर पॅराबोला तिरका आहे.

नाभी जेटच्या पुढच्या कडेवर, घनतेच्या चढणीच्या शेवटाशी ठेवा. याचा धडा मला महाग पडला. आम्ही दोन आठवडे दाब, पल्सची लांबी, नायट्रोजनचे प्रमाण सगळे बदलून पाहिले. इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या पडद्यावर काही उमटेना. शेवटी एका संध्याकाळी नोझलच्या कडेला चिकटवलेली बारीक तार आणि ठिपक्याचा कॅमेरा एकत्र पाहिले तेव्हा कळले की नाभी जेटच्या मागच्या कडेवर बसली होती. जेट दीड मिलिमीटर सरकवला आणि तिसऱ्या शॉटला पडद्यावर हिरवा ठिपका आला. चण्याएवढा, कडेला किंचित ओघळलेला. त्या दिवसापासून मी नाभीची जागा रोज सकाळी तारेवर तपासतो.

पायरी ८: झोत आला, आता मोजा

पडदा म्हणजे लॅनेक्स, क्ष-किरणांच्या तपासणीत वापरतात तोच. इलेक्ट्रॉन आदळले की हिरवा उजळतो. लेसरचा प्रकाश त्यावर पडू नये म्हणून पुढे ॲल्युमिनियमची पातळ फॉइल लावा. फॉइलला सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी कॅमेरा आंधळा होतो, म्हणून ती दिव्यासमोर धरून बघा.

आधी चुंबकाशिवाय पाहा: ठिपका कुठे पडतो, किती पसरतो, शॉटागणिक किती हलतो. मग चुंबक सरकवा. एका टेस्लाच्या क्षेत्रात ३०० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळतो, १०० एमईव्हीचा ३३ सेंटीमीटरच्या. २० सेंटीमीटर लांबीचा चुंबक पुरेसा फरक दाखवतो. झोत चुंबकात तिरका शिरला तर ऊर्जा चुकीची वाचली जाते, आणि जास्त ऊर्जेला ही चूक मोठी असते. पहिल्याच दिवशी ५०० एमईव्ही दिसले तर आनंदाआधी झोताचा कोन तपासा.

मग घनतेकडे परत या. नोझलमागचा दाब दहा-दहा टक्क्यांनी खाली-वर करा आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीस शॉट घ्या. एका शॉटवरून काही ठरवू नका. हॅम्बुर्गमध्ये एका गटाने एक लाख शॉट सलग घेतले तेव्हा झोताच्या ऊर्जेतले चढउतार लेसरमधल्या बारीक बदलांशी जोडून दाखवता आले. घनता कमी करत गेलात की ऊर्जा वाढते आणि प्रभार घटतो, मग एका जागी झोत अचानक नाहीसा होतो. ती जागा नोंदवून ठेवा. तुमच्या लेसरसाठी लाट तिथे चढण्यापुरती जोरदार राहत नाही, आणि सगळ्यात जास्त ऊर्जेचे झोत त्या काठाच्या जरा अलीकडे मिळतात.

प्रत्येक शॉटसोबत ऊर्जा, दाब, नाभीची जागा, नोझलची उंची आणि कॉम्प्रेसरच्या ग्रेटिंगमधले अंतर लिहा. सिलिंडरमधला दाबही लिहा. दिवसभरात तो उतरत जातो, आणि त्यामुळे संध्याकाळची घनता सकाळची राहत नाही.